गाडी बाबांच्या नावावर, चावी पोराच्या खिशात: सोलापुरात शिकायला येताना गाडीच्या विम्याचं काय करायचं

बार्शी, लातूर, धाराशिव, पंढरपूर, नाहीतर हद्दीपलीकडून विजयपूर, कलबुर्गी. सोलापुरात शिकायला येणारी पोरं साधारण या पट्ट्यातली. वालचंद, संगमेश्वर, दयानंद, वैद्यकीय महाविद्यालय, केगावचं विद्यापीठ अशा ठिकाणी प्रवेश होतो, जुळे सोलापूर नाहीतर विजापूर रोडला खोली मिळते. पहिलं वर्ष सिटी बस, रिक्षा आणि मित्राची दुचाकी यांच्यावर निघतं. दुसऱ्या वर्षी घरातली जुनी गाडी मागितली जाते. बाबांनी नवी घेतलेली असते, जुनीला एक्स्चेंजमध्ये काही भाव येत नाही, मग ती पोराकडं येते. येताना डिकीत ज्वारीचं पोतं असतं आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात एक पॉलिसी, जी घरात कुणीही उघडून वाचलेली नसते.

विम्याबद्दल मोबाइलवर शोधायला बसलात तर आधी अमेरिकेतली माहिती समोर येते. मुलाचं नाव चालक म्हणून पॉलिसीत घाला, चांगल्या मार्कांची सूट मागा, कॉलेज घरापासून लांब असेल तर हप्ता कमी करून घ्या, वगैरे. आपल्याकडं याचा उपयोग नाही. आपल्या देशात विमा गाडीचा असतो. मालकाच्या परवानगीनं, वैध लायसन असलेला कुणीही ती गाडी चालवू शकतो आणि विमा लागू राहतो. पोराचं नाव कुठं नोंदवावं लागत नाही, वय कमी म्हणून जादा हप्ताही भरावा लागत नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण मालक एक आणि चालवणारा दुसरा असला की काही संरक्षणं गुपचूप गळून पडतात, आणि ती कुठली हे कुणी सांगत नाही. खालच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: आरसीवर नाव कुणाचं?

पॉलिसीच्या आधी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, बघा. डिजिलॉकर नाहीतर एमपरिवहन अ‍ॅपवर गाडी नंबर टाकला की आरसी, विम्याची मुदत, इंधनाचा प्रकार, कर्जाचा बोजा सगळं दिसतं. २०१८ पासून या अ‍ॅपमधली कागदपत्रं पोलिसांनी मूळ कागदासारखीच मानायची, असा केंद्राचा नियम आहे. त्यामुळं झेरॉक्सची फाइल घेऊन हिंडायची गरज नाही.

तीन गोष्टी ताडून बघा. आरसीवरचा मालक आणि पॉलिसीवरचा विमाधारक एकच माणूस आहे का? चेसिस नंबर दोन्हीकडं अक्षर न् अक्षर जुळतो का? आणि गाडीला नंतर सीएनजी किट बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवर आणि पॉलिसीवर, दोन्हीकडं आहे का? नोंद न केलेल्या किटवरून क्लेम अडतात, आणि बिल मोठं असेल तर हमखास अडतात. नोंदीचा खर्च किरकोळ आहे.

आपल्याकडं बऱ्याच घरांत गाडी अजून आजोबांच्या नावावर असते आणि आजोबा जाऊन दोन वर्षं झालेली असतात. अशी गाडी घेऊन शहरात यायचं नाही. मालक वारल्यावर वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी नावावर करून घ्यायची असते. त्याआधी अपघात झाला तर क्लेमच्या फॉर्मवर सही कोण करणार?

दुसरी पायरी: ‘इन्शुरन्स आहे’ म्हणजे नेमकं काय आहे

घरी विचारलं तर उत्तर येतं, “हाय की, भरलाय.” भरलाय, पण कुठला?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा. आपल्या गाडीमुळं दुसऱ्याचा जीव गेला, दुखापत झाली किंवा मालमत्तेचं नुकसान झालं तर त्याची भरपाई यातून मिळते. मृत्यू आणि दुखापतीसाठी रकमेला मर्यादा नाही. मालमत्तेसाठी कारला साडेसात लाखांची मर्यादा आहे. या विम्याचा दर सरकार ठरवतं, त्यामुळं कुठल्याही कंपनीत तोच. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणं १००० सीसीपर्यंतच्या कारला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यापुढं ७,८९७. यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १२०० सीसीच्या गाडीला साधारण ४,०३१ रुपये. भरताना चालू दर तेवढा बघून घ्या. थर्ड पार्टीत कुणी ‘खास डिस्काउंट’ देऊ लागला तर तिथंच शंका घ्या, कारण त्या दरात कमी करायला जागाच नसते. बनावट पॉलिस्या अशाच खपवल्या जातात.

आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, चोरी, आग, पूर हे सगळं ओन डॅमेजमध्ये येतं. थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकत्र असलेल्या पॉलिसीला कागदावर पॅकेज म्हणतात, बोलण्यात ‘फुल इन्शुरन्स’. १ सप्टेंबर २०१८ नंतर शोरूममधून निघालेल्या नव्या कारला थर्ड पार्टी एकदम तीन वर्षांची आणि दुचाकीला पाच वर्षांची घ्यावीच लागते. इथं घोळ होतो. थर्ड पार्टी पुढच्या दोन वर्षांसाठी चालू असते, ओन डॅमेज पहिल्याच वर्षी संपलेलं असतं आणि अ‍ॅपवर ‘विमा वैध’ असं हिरवं अक्षर दिसत राहतं. तेव्हा पॉलिसीच्या पहिल्या पानावरच्या दोन्ही तारखा बघा.

विमाच नसेल तर कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर ४,००० रुपये. दंड एक वेळ परवडला, पण तशात एखाद्याला धडक बसली तर मोटार अपघात न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम मालकाच्या खिशातून जाते. मालक म्हणजे बाबा. म्हणजे शेत.

तिसरी पायरी: गाडीत मित्र बसणार आहेत का?

हा प्रश्न विचारायचा म्हणून विचारला. बसणारच. शनिवारी तुळजापूर, गुरुवारी अक्कलकोट, परीक्षा संपली की पंढरपूर. गाडी असलेल्या पोराला सोलापुरात मित्र कमी पडत नाहीत.

खासगी कारची नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर गाडीत फुकट बसलेला मित्र त्यात येत नाही. रस्त्यावरचा माणूस ‘थर्ड पार्टी’ ठरतो, आपल्या मागच्या सीटवरचा ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या बालकृष्णन खटल्यात हा फरक स्पष्ट केला आहे: पॅकेज पॉलिसी असेल तर गाडीतले प्रवासी तिच्यात येतात, कायद्यापुरती थर्ड पार्टी असेल तर येत नाहीत. दुचाकीवर मागं बसणाऱ्याचंही तेच.

म्हणून गाडी बारा वर्षांची झाली, आता थर्ड पार्टी पुरे, हे घरचं गणित पोरगा गाडी घेऊन शहरात आला की बदलतं. गावात त्या गाडीत घरचीच माणसं बसत होती, इथं दुसऱ्यांची पोरं बसतात. जुन्या गाडीला पॅकेज घेतलं तर ओन डॅमेजचा हप्ता गाडीच्या विमा मूल्यावर म्हणजे आयडीव्हीवर निघतो. जुन्या गाडीची आयडीव्ही कमी, त्यामुळं हप्ताही बेताचा येतो. माझं मत विचाराल तर विद्यार्थ्याच्या गाडीला पॅकेजच घ्या. ते अगदीच जमत नसेल तर निदान ‘अनामिक प्रवाशांचा अपघात विमा’ जोडून घ्या. कारमध्ये तो माणशी दोन लाखांपर्यंत मिळतो.

चौथी पायरी: चालवणाऱ्याचं काय? इथं सगळ्यात मोठं भोक आहे

पॉलिसीत ‘मालक-चालक अपघात विमा, १५ लाख’ अशी ओळ असते. घरात सगळ्यांना वाटतं की पोराचंही बघितलंय. तसं नाही. हा विमा आरसीवर नाव असलेल्या मालकाचा, आणि त्याच्याकडं लायसन असेल तरच. गाडी बाबांच्या नावावर आहे, स्टिअरिंगवर तुम्ही आहात, गाडी दुभाजकावर गेली: या १५ लाखांतला एक रुपया तुम्हाला मिळत नाही.

मग थर्ड पार्टीतून मागता येईल का? तेही नाही. २००९ च्या निंगम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की दुसऱ्याची गाडी मागून चालवणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, त्यामुळं त्या गाडीच्या विमा कंपनीकडं तो तिऱ्हाईत म्हणून भरपाई मागू शकत नाही. स्वतःच्या चुकीनं अपघात झाला तर बाबांची गाडी चालवणाऱ्या विद्यार्थ्याला मोटार पॉलिसीतून काहीच मिळत नाही.

उपाय महाग नाही. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर वैयक्तिक अपघात पॉलिसी काढा. ती गाडीला बांधलेली नसते, मित्राची दुचाकी चालवतानाही लागू होते (हेल्मेट आणि लायसन गृहीत धरून) आणि रस्ता ओलांडतानाही. मृत्यूबरोबर कायमचं अपंगत्व त्यात आहे का हे बघा. वीस वर्षांच्या पोराच्या बाबतीत तोच मुद्दा जास्त कामाचा आहे. घरचा आरोग्य विमा असेल तर त्यात मुलाचं नाव अजून आहे का हेही याच वेळी तपासा. फॅमिली फ्लोटरमध्ये मुलाला ठरावीक वयापर्यंतच ठेवतात, आणि ते वय प्रत्येक कंपनीचं वेगळं.

एक पळवाट लोक सुचवतात: गाडीच पोराच्या नावावर करून टाका. करता येते, पण त्याची किंमत आहे. त्याबद्दल शेवटी.

पाचवी पायरी: लायसन

थोडक्यात. कारचं लायसन १८ पूर्ण झाल्यावर. गावाकडच्या आरटीओचं लायसन देशभर चालतं, सोलापुरात वेगळं काढावं लागत नाही. शिकाऊ लायसनवर गाडी चालवताना शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस आणि गाडीवर ‘एल’ ही दोन्ही हवीत, नाहीतर विमा कंपनीला क्लेम नाकारायला कारण मिळतं. बारावीतल्या भावाला “जरा एक चक्कर” म्हणून चावी देऊ नका. अल्पवयीनानं गुन्हा केला तर कलम १९९अ खाली पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द.

आणि होस्टेलवरचं ते नेहमीचं, “काय होत नाय बे, दे की चावी, दहा मिनिटात आलो.” देणार असाल तर लायसन आधी मोबाइलवर दाखवायला सांगा. बिनलायसनच्या माणसाला गाडी दिली म्हणून वेगळा ५,००० रुपयांचा दंड मालकाला होतो. ई-चलनाचा मेसेज बाबांच्या मोबाइलवर जातो, आणि त्यानंतर येणारा फोन दंडापेक्षा जड असतो.

सहावी पायरी: जोड-संरक्षणं. दुकानदार विकेल तेवढी घेऊ नका

घरापासून लांब राहणाऱ्याला रोडसाइड असिस्टन्स घ्यावाच. बॅटरी उतरली, पंक्चर झाली, चावी आत राहिली, गाडी टोइंग करायची आहे अशा वेळी ओळखीचा मेस्त्री गावात आणि तुम्ही मोहोळच्या पुढं हायवेवर. हप्ता अगदी थोडा वाढतो.

झिरो डेप हे संरक्षण गाडी पाच वर्षांच्या आतली असेल तर घ्या. साध्या पॉलिसीत बंपरसारख्या प्लास्टिकच्या, रबराच्या भागांवर आणि टायर, बॅटरीवर ५० टक्के घसारा (वस्तू जुनी झाली म्हणून घटलेली किंमत) कापतात, काचेवर कापत नाहीत. झिरो डेप असेल तर बहुतेक भागांवरची ही कपात टळते. जुन्या गाड्यांना बहुतेक कंपन्या ते देत नाहीत, तेव्हा चर्चाच संपली.

इंजिन प्रोटेक्टबद्दल सोलापुरात पूर्वी कुणी विचारत नसे, दुष्काळी जिल्हा म्हणून. पण सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुरानं काय केलं ते सगळ्यांनी बघितलं. पुराच्या पाण्यात गाडी बुडाली तर ते नुकसान पॅकेजमध्ये येतं. मात्र पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सेल्फ मारून चालू करायला गेलात, पाणी इंजिनात ओढलं गेलं आणि इंजिन जाम झालं, तर तो खर्च साध्या पॉलिसीत बसत नाही. नदीकाठच्या गावाला येणं-जाणं असेल तर हे संरक्षण घ्या. घेतलं असो वा नसो, पाण्यात बंद पडलेल्या गाडीचा सेल्फ मारू नका, ढकलून बाहेर काढा आणि टोइंगला फोन लावा.

गाडी सुट्ट्यांत महिनोन् महिने उभी राहणार असेल तर ‘जितकं चालवाल तितकं भरा’ हा प्रकार विचारून बघा. २०२२ मध्ये विमा नियामकानं त्याला परवानगी दिली. किलोमीटर ठरवून घ्यायचे, ओन डॅमेजचा हप्ता कमी बसतो. रिटर्न टू इनव्हॉइस, चावी बदलणं, सामानाचा विमा वगैरे सोडून द्या.

उन्हाळ्याचा एक मुद्दा राहिला. एप्रिल-मेमध्ये इथला रस्ता तापलेल्या तव्यासारखा असतो आणि जुने टायर फुटतात. नुसता टायर फुटला, गाडीला बाकी काही झालं नाही, तर पॅकेजमध्ये त्याचे पैसे मिळत नाहीत. पुण्याच्या रस्त्याला लागण्याआधी टायरची हवा आणि वय बघा.

सातवी पायरी: पैसे घेऊन कुणाला नेऊ नका

डिझेलचा खर्च मित्रांत वाटून घेणं वेगळं. पण “शेजारच्या काकूंना अक्कलकोटला सोडून ये, हजार रुपये देतील” किंवा गड्ड्याच्या यात्रेत चार फेऱ्या मारून खर्ची काढणं म्हणजे भाड्यानं गाडी चालवणं. खासगी गाडीच्या पॉलिसीत ‘भाडं किंवा मोबदला’ स्पष्ट वगळलेला असतो. अपघातानंतर सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला येणारा माणूस, गाडीतल्या लोकांना पहिला प्रश्न हाच विचारतो, तुमचं नातं काय?

केए पासिंगच्या गाड्या

विजयपूर (केए-२८), कलबुर्गी (केए-३२) नाहीतर बीदरची (केए-३८) गाडी घेऊन येणाऱ्यांसाठी हे वेगळं लिहितो. विमा भारतभर लागू असतो, कर्नाटकची पॉलिसी सोलापुरात चालते. पण एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात सलग १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर कलम ४७ नुसार नवा नंबर घ्यावा लागतो. दर महिन्या-दोन महिन्यांनी गावाकडं जाणाऱ्याची गाडी इथं ‘ठेवलेली’ नसते, पण हे दाखवायला टोलच्या पावत्या, फास्टॅगचा हिशेब हाताशी असलेला बरा. नंबर बदललाच, एमएच-१३ झाला, तर त्याच आठवड्यात विमा कंपनीकडून पॉलिसीवर नवा नंबर चढवून घ्या.

अपघात झाला तर, क्रमानं

ऊस गाळपाच्या हंगामात, दिवाळीपासून मार्चपर्यंत, जिल्ह्यातल्या प्रत्येक रस्त्यावर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस चाललेला असतो. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला, समोरून येणाऱ्याचा अप्पर डोळ्यात. ट्रॉली दिसते तेव्हा उसाची वाढी बोनेटला लागायच्या बेतात असतात. असा अपघात धरून चालू.

आधी माणसं. १०८ रुग्णवाहिका, ११२ पोलीस. जखमीला मदत करणं आणि पोलिसांना कळवणं ही कलम १३४ नुसार चालकाची जबाबदारी आहे. गाडी सोडून पळालात तर नंतर कुठलीच बाजू मांडता येत नाही. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोकडविरहित उपचार मिळण्याची केंद्राची योजना आहे. रुग्णालयात पैशांवरून घासाघीस सुरू झाली तर तिचं नाव घ्या.

मग फोटो. गाडी हलवण्याआधी दोन्ही वाहनांचे नंबर, रस्त्याची जागा, ट्रॉलीची मागची बाजू. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीचे नंबर वेगवेगळे असतात, ट्रॉलीला कधी कधी नसतोच. तो नसलेला नंबरही फोटोत येऊ द्या. आजूबाजूचा धाबा, किलोमीटरचा दगड असं काही एक चौकटीत घ्या.

मग विमा कंपनीला फोन, त्याच दिवशी. क्लेम नंबर मिळाल्याशिवाय गाडी गॅरेजला खोलायला देऊ नका. सर्व्हेअरनं बघण्याआधी दुरुस्ती सुरू झाली की वाद सुरू झाला. कंपनीच्या कॅशलेस यादीतलं सोलापुरातलं गॅरेज कुठलं हे आजच बघून नंबर सेव्ह करा. माणसाला लागलं असेल, चोरी असेल किंवा दुसऱ्याचं मोठं नुकसान असेल तर पोलीस नोंद आणि पंचनामा हवाच.

“जागेवर मिटवून टाका” असा सल्ला देणारे दहा जण गोळा होतात. किरकोळ खरचटलं असेल तर ठीक. कुणाला लागलं असेल तर जागेवर कुठल्याही कागदावर सही करू नका, चूक माझी असं लिहून देऊ नका.

चूक ट्रॉलीवाल्याची असली तरी त्याच्याकडून गाडीचे पैसे मिळवायला मोटार अपघात न्यायाधिकरणात जावं लागतं, तारखा पडत राहतात, आणि ट्रॉलीचा विमाच नसेल तर आणखी आनंद. म्हणून व्यवहारात आपल्याच ओन डॅमेजमधून गाडी दुरुस्त करून घेतात. या जिल्ह्यात रात्री गाडी चालवणाऱ्यानं पॅकेज घ्यावं याचं हे दुसरं कारण.

आता मालक-चालक वेगळे असल्याची अडचण. क्लेमचा फॉर्म मालकाच्या सहीचा, ओटीपी मालकाच्या मोबाइलवर, पैसे मालकाच्या खात्यात. तुम्ही गॅरेजमध्ये उभे, बाबा करमाळ्याकडं रानात, मोबाइल घरात चार्जिंगला, ओटीपीची मुदत संपते. गाडी आणतानाच दोन गोष्टी करून ठेवा. पॉलिसीवर पर्यायी संपर्क म्हणून तुमचा मोबाइल आणि ईमेल घालून घ्या, आणि बाबांच्या सहीचं साध्या कागदावरचं अधिकारपत्र जवळ ठेवा: माझी अमुक नंबरची गाडी माझा मुलगा वापरतो, क्लेमच्या कामात तो माझ्या वतीनं कागदपत्रं देईल. सगळ्या कंपन्या ते मानतील असं नाही, पण काम पुढं सरकतं.

चोरीच्या क्लेममध्ये कंपनी दोन्ही चाव्या मागते. एक सोलापुरात, एक घरी, असं असू द्या. दुसरी चावी रूममेटच्या ड्रॉवरमध्ये नको.

प्रत्येक खरचट्याला क्लेम करायचा का?

नाही. नवी पेठेत गाडी लावताना बंपर घासला, बदलायला ८,००० रुपये सांगितले. झिरो डेप नाही. प्लास्टिक म्हणून निम्मे कापले, राहिले ४,०००. त्यातून सक्तीची वजावट, १५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये. हातात ३,०००.

आता दुसरी बाजू. क्लेम न केलेल्या वर्षांसाठी नो क्लेम बोनस मिळतो: २०, २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षापासून ५० टक्के, फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर. समजा तुमचा ओन डॅमेजचा मूळ हप्ता ७,००० आहे आणि पुढच्या वर्षी ४५ टक्के सूट लागणार होती. क्लेम केला नसता तर ३,८५० भरले असते, केला म्हणून ७,०००. तोटा ३,१५०. त्याच्या पुढच्या वर्षी ५० ऐवजी २० टक्के, म्हणजे आणखी २,१०० गेले. तीन हजारांसाठी सव्वापाच हजार! बंपर स्वतःच्या पैशानं रंगवून घ्या. क्लेम मोठ्या मारासाठी राखून ठेवा.

मुदत आणि सुट्ट्या

पॉलिसीची तारीख मेमध्ये संपत असेल तर ती चुकण्याची शक्यता सगळ्यात जास्त. परीक्षा, मग गाव, गाडी खोलीखाली धूळ खात. आठवण करून देणारे मेसेज बाबांच्या मोबाइलवर आणि बाबा ते लोन कंपनीचे समजून पुसतात. स्वतःच्या मोबाइलवर तारखेच्या पंधरा दिवस आधीचा गजर लावा. मुदत संपल्यावर ओन डॅमेज पुन्हा घ्यायचं तर गाडीची तपासणी होते, आणि ९० दिवस उलटले तर साठलेला नो क्लेम बोनस संपूर्ण जातो. उभ्या गाडीलाही विमा ठेवा. चोर आणि आग गाडी चालू असण्याची वाट बघत नाहीत.

क्लेम नाकारला तर

आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला लेखी. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर ‘बिमा भरोसा’ पोर्टल नाहीतर १५५२५५ या क्रमांकावर नियामकाकडं तक्रार. त्यापुढं विमा लोकपाल. सोलापूरकरांसाठी त्यांचं कार्यालय पुण्याला. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षभराच्या आत जायचं. ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा आणि तोही खुला. या सगळ्यात नाकारल्याचं पत्र लेखी हवं. फोनवरच्या “सर, तुमचा क्लेम बसत नाही” या वाक्याला काही अर्थ नाही, तेच ईमेलवर मागा.

गाडी स्वतःच्या नावावर करायची झाली तर

शिक्षण संपून नोकरी लागली, बाबा म्हणाले गाडी तुझीच. फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदला. नुसतं घरातल्या घरात ‘दिली’ म्हणून चालत नाही, आरसीवर नाव आहे तोवर अपघाताची जबाबदारी बाबांचीच राहते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात पुन्हा सांगितलं आहे. नाव बदलल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसीही नावावर करून घ्या. थर्ड पार्टी आपोआप गाडीबरोबर येते, ओन डॅमेज येत नाही. १५ लाखांचा मालक-चालक अपघात विमा आता तुमच्या नावानं घ्यायचा.

नो क्लेम बोनस मात्र बाबांचा. तो माणसाचा असतो, गाडीचा नसतो, आणि बापाकडून मुलाकडं हयातीत जात नाही. चालू पॉलिसीवर सूट मिळालेली असेल तर उरलेल्या महिन्यांचा फरक कंपनी तुमच्याकडून भरून घेते. बाबांनी त्याच वेळी बोनसचं प्रमाणपत्र मागून घ्यावं. तीन वर्षांच्या आत त्यांनी दुसरी गाडी घेतली तर ती साठलेली सूट तिथं लागते.